लेकीचं लग्न नऊ आठवड्यांवर आणि 'स्किन टायटनिंग'चं पॅकेज

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत राहणाऱ्या आणि पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका ५१ वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आलंय. मुलीचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. साखरपुड्याला मुलाकडच्या, कऱ्हाडहून आलेल्या एका बाईंनी त्यांना "तुम्ही नवरीच्या आजी का?" असं विचारलं. तेव्हापासून त्यांना आरशासमोर उभं राहायला नको वाटतं. गेल्या वर्षी साखर काठावर आहे असं कळल्यावर त्यांनी १३ किलो वजन उतरवलं. त्यानंतर गाल ओघळले आणि हनुवटीखालची कातडी सैल पडली. पाळी जाऊन दोन वर्षं झालीत. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढल्यात, त्या बसवायच्या राहून गेल्यात. डायमुळे डोक्यात पुरळ आलं, म्हणून वर्षभरापूर्वी केस रंगवणंही बंद केलं. विश्रामबागेतल्या एका क्लिनिकने 'रेडिओ फ्रिक्वेन्सी स्किन टायटनिंग'चं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. मूळ किंमत ५४,००० रुपये, दसऱ्याच्या आत सगळे पैसे भरले तर ३९,०००. त्यातले २,००० टोकन म्हणून भरून झालेत. पैसे ताईंच्या स्वतःच्या भिशीचे आहेत. मिस्टर म्हणतात, "या वयात कसली थेरं?" (ते स्वतः मिशीला नेमाने कलप लावतात, असं ताईंनी कंसात लिहिलंय.) पुण्याच्या नणंदेचा सल्ला वेगळाच आहे: ऑनलाइन घरगुती मशीन मागव, आपण दोघी वापरू, आणि आईंच्या गुडघ्यांनाही त्याने शेक देता येईल. आईंना, म्हणजे ताईंच्या सासूबाईंना, तीन वर्षांपूर्वी मिरजेत पेसमेकर बसवलाय. ताईंचे प्रश्न असे: हा उपचार घ्यावा का? चेहऱ्याला काही अपाय तर होणार नाही? आणि मिस्टरांना न सांगता केलं तर चालेल का?

ताई,

आधी सासूबाईंचं बोलू, बाकीचं मग निवांत. ते मशीन घरात आलंच तरी त्यांच्या अंगाला लावायचं नाही, गुडघ्यालासुद्धा नाही. गरम पाण्याची पिशवी नुसती ऊब देते. हे मशीन शरीरातून वीज खेळवतं. पेसमेकर हृदयाचे विजेचे इशारे वाचूनच काम करत असतो. बाहेरून आलेली वीज तो चुकीची वाचू शकतो. म्हणूनच पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं तसं दुसरं यंत्र असलेल्यांना हा उपचार वर्ज्य आहे. क्लिनिकमध्येही आणि घरीही. हे नणंदबाईंना आजच फोन करून सांगा. त्यांनी चांगल्याच मनाने सुचवलं असणार.

आता तुमचं. "लिहायला लाज वाटते" असं तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंय. लाज कशाची? लेकीच्या लग्नात चांगलं दिसावं असं आईला वाटणं यात थेरं कुठे आली? मिशीचा कलप चालतो तर गालाचा उपचारही चालायला हवा. तेव्हा तुम्हाला असं वाटणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला शंका आहे ती दुसऱ्याच गोष्टीची: तुम्हाला जे हवंय ते हे पॅकेज देईल का, आणि तेही डिसेंबरच्या आत?

साखरपुड्याला त्या बाईंनी तुम्हाला आजी म्हटलं, हे गालांमुळेच, असं तुम्ही धरून चाललायत. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे माणसाचं वय लोक लांबून केसांवरून ठरवतात. साखरपुड्याच्या गर्दीत कोणी कोणाच्या जबड्याची रेषा बघत नाही. पांढरं डोकं आणि जरीची साडी दिसली की मनात 'आजी' हा शब्द तयार होतो आणि तोंडातून निघूनही जातो. तुमच्या जाऊबाई तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असूनही त्यांना कोणी असं विचारलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण त्यांचे केस काळे आहेत, हेही तुम्हीच लिहिलंय. सहाही सिटिंग पूर्ण करून तुम्ही मांडवात उभ्या राहिलात तरी कऱ्हाडच्या त्या बाई हाच प्रश्न विचारू शकतात. मग ३९,००० रुपये गेल्याची खंत किती होईल, याचा विचार आत्ताच करा.

याचा अर्थ केस पुन्हा रंगवा असा नाही. उलट तिथे जास्त जपायला हवं. बऱ्याच डायमध्ये पीपीडी नावाचा घटक असतो. काळ्या रंगाच्या डायमधली बरीचशी ॲलर्जी त्याच्यामुळे येते. आणि ही ॲलर्जी एकदा आली की सहसा जात नाही, पुढच्या वेळी जास्त जोरात उठू शकते, चेहरा सुजून डोळे मिटेपर्यंत. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या केसांच्या पावडरींतही पीपीडी असू शकतो. लग्नात हातावर काढायच्या, लगेच काळीभोर चढणाऱ्या मेंदीतही असू शकतो. मेंदीवालीला आधीच सांगून ठेवा: साधी, पाल्याची, तांबूस रंग येणारीच मेंदी हवी. केसांना काही लावायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या, म्हणजे नेमकं काय सोसत नाही ते कळेल. किंवा पांढरे केस तसेच ठेवून चांगला कट आणि चांगला अंबाडा करा. हा पर्याय मला सगळ्यात आवडतो, पण डोकं तुमचं आहे.

आता ते मशीन करतं काय, ते पाहू. रेडिओ फ्रिक्वेन्सी म्हणजे अतिशय वेगाने दिशा बदलणारी वीज. ती त्वचेच्या आतल्या थरातून जाताना त्या थराचा तिला विरोध होतो आणि तिथे उष्णता तयार होते. शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला हीच विद्या फार जुन्या काळापासून वापरतात. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी १९२६ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत असं यंत्र वापरलं होतं. त्वचा घट्ट करण्यासाठी तिचा वापर बराच नंतरचा. थर्माज या यंत्राला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे हे खूळ नाही आणि लबाडीही नाही. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन साधारण ६० ते ६५ अंशांना आकसतं, लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात आटतो तसं. पण हा पहिला भाग झाला. खरा परिणाम नंतरच्या काळात येतो. झालेल्या सूक्ष्म इजेला उत्तर म्हणून शरीर नवं कोलॅजन विणायला घेतं आणि त्या कामाला तीन ते सहा महिने लागतात.

तीन ते सहा महिने, ताई. तुमच्याकडे नऊ आठवडे आहेत. सहावं सिटिंग होईल तेव्हा तुम्ही रुखवताच्या ताटांत गुंतलेल्या असाल, आणि जो काही फरक पडायचा तो पडेल जानेवारीनंतर. क्लिनिकमध्ये तुम्हाला हे कोणी सांगितल्याचं पत्रात नाही. 'पहिल्याच सिटिंगला फरक' मात्र त्यांनी सांगितला. तो दिसतोही, खोटं नाही. उष्णतेने त्वचा किंचित सुजते, भरल्यासारखी दिसते आणि एकदोन दिवसांत ती सूज उतरते. काही ठिकाणी अर्ध्याच चेहऱ्याला मशीन लावून लगेच आरसा हातात देतात. तो फरक म्हणजे बहुतांशी ही सूज असते. आधीचे आणि नंतरचे फोटो बघताना हनुवटी किती वर आहे, उजेड कुठून येतोय आणि दुसरा फोटो किती महिन्यांनी काढलाय, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर बरेचजण गडबडतात.

बरं, वेळ भरपूर असता तर? तरीही तुमच्या चेहऱ्याचं गणित वेगळं आहे, आणि या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही याला 'वय' म्हणता. मला पत्रात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे उतरलेले १३ किलो. वजन कमी होताना गालांखालची चरबीही उतरते. आतला भराव गेला आणि वरची त्वचा मात्र पूर्वीच्याच मापाची राहिली. दुसरी पाळी जाणं. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानतात. तुम्ही त्या पाच वर्षांच्या मध्यावर आहात. तिसरी दाढा. आतून आधार गेला की गाल त्या बाजूला बसल्यासारखा दिसतो. तुम्ही लिहिलंय की डावा गाल जास्त ओघळलाय. दाढाही डाव्याच. दोन दाढांनी सगळा चेहरा पडत नाही हे खरं, पण मशीनकडे जाण्याआधी दंतवैद्याकडे जायला हे कारण पुरेसं आहे.

या तिन्हींपैकी रेडिओ फ्रिक्वेन्सी काम करते ती दुसऱ्या गोष्टीवर. गेलेला भराव ती परत आणत नाही. उलट उष्णता खोलवर आणि जास्त गेली तर त्वचेखालची चरबी आणखी झडून खळगे पडू शकतात. हा या उपचाराचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गुबगुबीत चेहऱ्याच्या बाईला त्याची फारशी फिकीर नसते. तुमच्यासारखा आधीच उतरलेला चेहरा असेल तर हा धोका गंभीरपणे घ्यावा लागतो. आणि हनुवटीखाली चिमटीत मावेल इतकी कातडी उरली असेल तर कुठलंही मशीन ती पुरती ओढून घेत नाही. तिथे शस्त्रक्रियाच लागते. 'विना ऑपरेशन फेसलिफ्ट' या तीन शब्दांत विकणाऱ्याचाच फायदा आहे.

पण म्हणून गाल भरायला वजन परत वाढवू नका, एवढंच म्हणते. साखर काठावरून मागे आली असेल तर त्या १३ किलोंनी तुमचं भलंच केलंय. मात्र वजन उतरवताना तुम्ही जेवणातून नेमकं काय काढलंत ते एकदा आठवा. पुष्कळ बायका भाकरी कमी करतात, बरोबर डाळ, दूध, अंडीही कमी करतात आणि फळांवर राहतात. शरीराला त्वचा आणि स्नायू सांभाळायला प्रथिनं लागतात. साखरेची तपासणी करायला जाल तेव्हा आहाराबद्दलही डॉक्टरांना विचारा.

तुमचा दुसरा प्रश्न अपायाचा. इथे एक भेद समजून घ्यायला हवा आणि क्लिनिकलाही तो विचारायला हवा: मशीन त्वचेवरून फिरवणार की सुया टोचून वीज आत सोडणार? वरून फिरवायच्या प्रकारात लाली येते, थोडी सूज येते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. हात एकाच जागी रेंगाळला किंवा मशीन जास्त लावलं तर भाजू शकतं. सुयांचा प्रकार अधिक खोल जातो. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी तो चांगला समजतात, पण धोकाही तितकाच वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच सुयांच्या प्रकाराबद्दल सावध करणारी सूचना काढली. भाजणं, व्रण राहणं, चरबी झडणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा होणं अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी करायची गोष्ट नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुमच्या पत्रात 'बारीक टोचल्यासारखं होईल' असं क्लिनिकवाल्या मॅडमचं एक वाक्य आहे. ते वाचून मी जरा थबकले. तो सुयांचा प्रकार असू शकतो, आणि तसं असेल तर लग्नाच्या तोंडावर त्याला साफ नाही म्हणा.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेबद्दल दोन गोष्टी. लेसरची बरीच यंत्रं रंगद्रव्यावर काम करतात, म्हणून गडद त्वचेला त्यांचा धोका जास्त असतो. रेडिओ फ्रिक्वेन्सी त्वचेचा रंग बघत नाही, त्यामुळे आपल्याकडे ती त्या मानाने सुरक्षित समजली जाते. पण भाजलं किंवा सुयांनी त्वचा चिडली तर आपल्या त्वचेवर काळा डाग मागे राहतो आणि तो जायला महिने घेतो. आंतरपाटाच्या वेळी गालावर तसा डाग दिसला तर आज सैल वाटणारे गाल बरे म्हणायची वेळ येईल.

हँडपीस, म्हणजे मशीनचा चेहऱ्याला लावायचा भाग, कोण धरणार, हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. "डॉक्टर कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा येतात" याचा अर्थ उरलेले सहा दिवस मशीन दुसऱ्याच कोणाच्या हातात असतं. त्वचेच्या डॉक्टरांच्या नावापुढे एमडी किंवा डीएनबी आणि त्यापुढे त्वचारोग ही शाखा असते, किंवा पदविका असते. प्लास्टिक सर्जन असतील तर एमसीएच. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असं पाटीवर कोणीही लिहू शकतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. कर्ज देताना तुम्ही पतसंस्थेत कागद तपासताच की! आणि आपण राहतो कुठे? शेजारी मिरज. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेलं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय असलेलं गाव. सांगलीच्या सिव्हिलमध्येही त्वचेची ओपीडी आहे. तिथे तुम्हाला कोणी पॅकेज विकणार नाही. केसपेपर काढून, रांगेत बसून, "माझ्या चेहऱ्याला नेमकं काय झालंय?" एवढाच प्रश्न विचारून या. खाजगी तज्ज्ञाकडे गेलात तरी पहिल्या भेटीत फक्त तपासणीचीच फी द्या, उपचाराचं नंतर बघू म्हणा.

मग डिसेंबरपर्यंत काहीच करायचं नाही का? करायचं, पुष्कळ आहे. याच आठवड्यात दंतवैद्य. इम्प्लांटला महिने लागतात, ते लग्नानंतर. पण काढ-घाल करायचे दात लग्नाआधी तयार होऊ शकतात, आणि चावणंही दोन्ही बाजूंनी सुरू होईल. त्यानंतर सनस्क्रीन. तुम्हाला ही गोष्ट फारच साधी वाटेल, ३९,००० च्या पुढे तर किरकोळच. पण ऑस्ट्रेलियात ९०३ लोकांवर साडेचार वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळलं. हाताच्या पाठीच्या त्वचेचे ठसे घेऊन त्यांनी ते मोजलं होतं. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही गावभागातून विश्रामबागेला स्कूटीवर जाता, भर उन्हात. तोंडाला ओढणी बांधता ते उत्तमच. त्याखालीही लावा, चेहरा आणि गळ्याला मिळून दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेऊन भागत नाही.

ट्रेटिनॉइन हे त्वचेला लावायचं औषध सुरकुत्यांवर खरंच काम करतं आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या मानाने ते कितीतरी स्वस्त आहे. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा सोलवटते, लाल होते. म्हणून लग्नाच्या तोंडावर नको, जानेवारीपासून विचारा. हळदीचं म्हणाल तर गणपती पेठेतली हळद जगात भारी आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण सैल कातडी आवळणं तिच्या कामात बसत नाही. आणि लग्नाआधीचे पंधरा दिवस चेहऱ्यावर कुठलाही नवा प्रयोग नको. नवं ब्लीच, नवं फेशियल, मैत्रिणीचं सीरम, काहीच नको.

मेकअपवालीकडे मात्र आधी एकदा ट्रायल करून बघा. पन्नाशीच्या त्वचेवर पावडरचा थर चढवला की सुरकुत्या उठून दिसतात. हे जाणणारी मेकअपवाली आणि न जाणणारी यांतला फरक सहा सिटिंगपेक्षा जास्त असतो. भिशीतले चार-पाच हजार इथे गेले तर मला वाईट वाटणार नाही. फोटोग्राफरलाही सांगून ठेवा: आईचे जवळून, खालून फोटो काढायचे नाहीत. साखरपुड्याचे जे फोटो बघून तुम्ही रडलात ते भाच्याने मोबाइलवर अगदी जवळून काढलेले. इतक्या जवळून घेतलेल्या फोटोत चेहऱ्याचं प्रमाणच बिघडतं. नाक मोठं आणि गाल विचित्र दिसतात. त्या फोटोंवरून ३९,००० चा निर्णय घेऊ नका.

आता मिस्टरांचं. पैसे तुमचे आहेत, चेहरा तुमचा आहे, परवानगी लागत नाही. पण लपवून करायला मी सांगणार नाही आणि त्याचं कारण संसाराचं नाही, वैद्यकीय आहे. भाजलं, सूज उतरेना, डोळ्याजवळ काही झालं, तर रात्री अकरा वाजता तुम्हाला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या माणसाला काय केलंय ते माहीत असायला हवं. ते मिस्टर नसतील तर लेक असू दे, जाऊबाई असू देत. शिवाय, जे करताना लपवावं लागतं तिथे माणूस नीट प्रश्न विचारत नाही, पटकन पैसे भरून मोकळा होतो. टोकन तसंच भरलं गेलं, नाही का? मिस्टरांशी बोलताना मिशीचा विषय काढायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी असते तर काढला असता.

लेक म्हणाली, "आई, आहेस तशी छान आहेस," आणि त्याचा तुम्हाला राग आला. राग समजण्यासारखा आहे. आपल्याला टोचणारी गोष्ट समोरच्याने एका वाक्यात संपवली की तसंच होतं. तिला एकदा शांतपणे सांगा की मला खरंच वाईट वाटलंय, आणि तिच्याबरोबरच दंतवैद्याकडे आणि मेकअपच्या ट्रायलला जा. लग्नाआधीच्या धावपळीत दोघींना तेवढाच एकत्र वेळ मिळेल.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठीही इथेच चार शब्द. चाळिशीच्या आसपास असाल, वजन निदान सहा महिने स्थिर असेल, जबड्याची रेषा नुकतीच सैल होऊ लागली असेल आणि 'थोडा फरक पडला तरी चालेल' अशी मनाची तयारी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून हा उपचार घ्यायला हरकत नाही. परिणाम साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो, नंतर पुन्हा करावं लागतं, तो खर्च आधीच धरा. गरोदर असाल तर थांबा. उपचाराच्या जागी धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, चेहऱ्यात आधी फिलर (भराव देणारं इंजेक्शन) घेतलं असेल, व्रण फुगून जाड होण्याची प्रवृत्ती असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा. आणि सिटिंगमध्ये चटका बसला तर सोसू नका. 'गरम झालं' म्हणायची लाज वाटून गप्प बसणाऱ्या बायका मी ओळखते. मशीनची उष्णता किती ठेवायची हे ठरवताना तुमचं 'गरम झालं' हे सांगणंही डॉक्टरांना लागतं. तंबाखू आणि मिश्री यांनी त्वचा लवकर सुरकुतते. मिश्री लावत चेहऱ्यावर हजारो खर्च करण्यात काही अर्थ नाही. तुम्ही लावत नाही असं लिहिलंय, म्हणून हे इतरांसाठी.

घरगुती मशीनचं झटपट सांगते. सुरक्षेसाठी त्यांची ताकद कमी ठेवलेली असते, म्हणून परिणामही कमी आणि महिनोन्महिने नेमाने वापरावं लागतं. नणंदबाई स्वतःसाठी घेतात तर घेऊ देत. तुम्ही डिसेंबरपर्यंत त्यात पडू नका.

राहिलं पॅकेज. लग्न होऊ द्या. मांडवपरतणं, सत्यनारायण, पाहुणे सगळं उरकलं की फेब्रुवारीत पुन्हा आरशासमोर उभ्या राहा. दात बसलेले असतील, वजन स्थिर असेल, कॅलेंडरवर कुठली तारीख डोक्यावर बसलेली नसेल. तेव्हाही हवंसं वाटलं तर तज्ज्ञाला चेहरा दाखवून एकच सिटिंग घ्या, एकाच सिटिंगचे पैसे भरा, मशीनचं नाव आणि प्रकार लिहिलेलं बिल घ्या. मेडिक्लेममध्ये सौंदर्याचे उपचार बसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक रुपया खिशातूनच जाणार आहे. दसऱ्याची सूट गेली तर जाऊ दे, पाडव्याला पुन्हा येईल.

टोकनचे २,००० परत मागा, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून, तारखेनिशी. "वैद्यकीय सल्ल्यानंतर निर्णय घेईन, तूर्त रद्द करते" एवढंच पुरे. कारणमीमांसा नको, नाहीतर त्या मॅडम तासभर फोनवर समजावत बसतील. नाहीच दिले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. एवढ्यासाठी तिथपर्यंत जायची तुमची इच्छा नसेल तर सोडून द्या ते २,०००. फक्त ते वाया जाऊ नयेत म्हणून उरलेले ३७,००० भरू नका.